‘नळी हाताने वाकते की’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

लेगो मॉडेलमधल्या लवचीक नळ्या संगणकावर कशा वाकवायच्या, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही लिहिलंय, "लवचीक नळ्या सॉफ्टवेअरमध्ये वाकवत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. सरळ दाखवा, बांधताना हाताने वाकते की." पुढे एलडीकॅड (लेगोची मॉडेलं संगणकावर जुळवायचं सॉफ्टवेअर) किचकट आहे, चित्रं काळपट आहेत, लेख लांबलाय, वगैरे. चित्रं काळपट आहेत हे मान्य, बदलतो. बाकीच्यात शिरत नाही.

पण ‘रिकामटेकडे’? मतभेद खुशाल असावेत, पण ज्याला कधी भेटला नाहीत त्याच्या वेळेचा हिशेब मागणारे तुम्ही कोण? 1995 मध्ये जेम्स जेसिमन यांनी एलड्रॉ आणलं, म्हणजे लेगोचे भाग संगणकावर जोडायचं सॉफ्टवेअर; एलडीकॅडही त्याच्याच फाइली वापरतं. तेव्हापासून जगभरातल्या हौशी लोकांनी लेगोचा एकेक भाग मोजूनमापून त्यात घातला, तोही फुकट. तुमचा तो शब्द त्यांनाही लागतो, हे लिहिताना लक्षात आलं नाही का?

आता नळीचं. एलड्रॉच्या फाइलमध्ये प्रत्येक भागाची एक ओळ असते: रंग, जागेचे तीन आकडे, फिरवण्याचे नऊ आणि भागाच्या फाइलचं नाव. एवढ्यावर भाग सरकतो, फिरतो, वाकत नाही. म्हणून एलडीकॅड आपण आखलेल्या वक्रावर छोटे छोटे तुकडे रचून नळी तयार करतं. वक्राची लांबी खऱ्या भागाइतकी ठेवायची जबाबदारी आपली, आणि खरी गोम तिथेच आहे. 88 मिमीचा लवचीक ॲक्सल, म्हणजे वाकणारा दांडा घ्या, त्याची टोकं 80 मिमी अंतरावर बसवा. 8 मिमीच तर जास्त आहे, असं वाटेल. पण साधी गोल कमान धरली तर तो मधोमध जवळजवळ 16 मिमी बाहेर येतो. म्हणजे दोन स्टड (लेगो विटेवरचे गोल उंचवटे) मावतील एवढा! शेजारी भिंत असेल तर तिथेच अडकला. सरळ काढलेल्या चित्रात हे दिसणार कुठे?

अंबडच्या एका कारखान्यात मी वर्षानुवर्षं हायड्रॉलिक प्रेसच्या होजची (तेलाच्या लवचीक नळ्यांची) ड्रॉइंगं केली आहेत. सरळ रेघ मारून ‘फिटर बघून घेईल’ म्हणणारे साहेबही तिथे पाहिलेत. होज घासून फुटला की तेलात उभा राहायचा तो फिटर, साहेब नाही. त्यामुळे ‘हाताने वाकते की’ हे निदान मला तरी ऐकवू नका.

तुमच्या मॉडेलची फाइल पाठवा, सोबत टोकांमधलं अंतर आणि नळीची लांबी लिहा. त्यावर हवं तेवढं बोलू. शब्द मात्र जपून वापरा, इथे शाळेतली मुलंही वाचायला येतात.