पगार कोणी पाडले? आधी तारखा बघा

आत्तेभावाने फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला, काकांनी लगेच अंगठा दिला, म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं. त्यात म्हटलंय की अमेरिकेतल्या मीट प्लांटमधल्या (जनावरं कापून मांस पॅक करणाऱ्या कारखान्यांतल्या) चांगल्या पगाराच्या नोकऱ्या बाहेरून आलेल्यांनी स्वस्तात काम करून घालवल्या, कारखाने युनियनच्या हावेपायी बुडाले, आणि आता काय, सगळं मशीनच करतं.

पहिला मुद्दा तर डोक्यात जातो. १९८३ ला विल्सन फूड्स या मांस कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज टाकला, त्या जोरावर युनियनचा करार मोडला आणि तासाचे १०.६९ डॉलर थेट ६.५० वर आणले, धंदा मात्र चालूच. पुढच्याच वर्षी मिनेसोटातल्या ऑस्टिनला हॉर्मेल या दुसऱ्या मांस कंपनीने तेच १०.६९ चे ८.२५ केले, आणि ही कंपनी तर नफ्यात होती! ऑगस्ट १९८५ ला संप, जानेवारीत नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, गेटवर. संपावरचे लोक तिथलेच, कित्येकांचे बाप-आजे त्याच प्लांटात राबलेले. यात बाहेरचा कुठे आला?

पगार पाडायची वाट आयबीपी या मोठ्या बीफ कंपनीने आधीच करून ठेवली होती. पूर्वी अर्ध्या जनावराचे धड शहरात जायचे आणि तिथला खाटीक ते फोडायचा. यांनी १९६७ पासून नेब्रास्कातल्या डकोटा सिटीच्या प्लांटातच तुकडे करून खोक्यात भरायला सुरुवात केली. लाइनवर एका माणसाने दिवसभर एकच काप मारायचा, तोच, हजारो वेळा, मनगट बधीर होईस्तोवर. मग कसबी खाटकाला कसबाचे पैसे कोण देतो? आता मान्य करतो, आयबीपीच्या कॅन्ससमधल्या गार्डन सिटीजवळच्या प्लांटात १९८० च्या दशकात व्हिएतनामी निर्वासित होते. पण त्यांना भरती केलं कंपनीने आणि पगारही तिनेच ठरवला, ते काय स्वतःहून "आम्हाला कमी द्या" म्हणत आले नव्हते.

युनियनचं म्हणाल तर आपसात भांडण होतं खरं, ऑस्टिनच्या स्थानिक युनियनला शेवटी वरच्या, देशपातळीच्या युनियननेच ताब्यात घेतलं. पण ते लोक भांडत होते पगारकपातीविरुद्ध, त्याला हाव म्हणायचं?

आणि मशीन! फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने साफसफाईच्या एका कंत्राटी कंपनीकडून १५ लाख डॉलर दंड घेतला, ८ राज्यांतल्या १३ प्लांटांत १३ ते १७ वयाची १०२ मुलं कामाला लावली म्हणून. मशीन होतं की, छातीचं हाड कापायची करवत होती, डोकी चिरायचं यंत्र होतं. ही पोरं रात्रपाळीला अंग भाजणारी केमिकल वापरून तेच धूत होती.