साडेपाचचं पंचिंग झालं की मालक सुटला

"सदर इसमाने सायंकाळी 5.30 वाजता पंचिंग केलेले असल्याने त्यानंतरच्या त्याच्या कोणत्याही कृत्याशी सामनेवाला क्र. 2 यांचा काडीमात्र संबंध येत नाही." परवा एका अपघात दाव्यात सामनेवाला क्र. 2, म्हणजे कारखान्याच्या मालकानं, कोर्टात दिलेल्या लेखी कैफियतीत हे वाक्य वाचलं आणि हात जोडले. पैठणला गोदेत बुडी मारली की पाप धुतलं जातं, एवढंच आजवर ऐकून होतो. आता कारखान्याच्या गेटवर अंगठा टेकवला तरी भागतं. गाडी कंपनीची, डिझेल कंपनीचं आणि त्या रात्रीची दारूसुद्धा कंपनीचीच, हे मात्र कैफियतीत कुठंच नाही. इतकं आटोपशीर लिहिणं भल्याभल्यांना जमत नाही.

तेव्हा वाळूज-शेंद्र्याचे कारखानदार, जालन्याचे सळईवाले, लातूरचे डाळमिलवाले आणि गावोगावचे खत-बियाण्याचे डीलर, सगळ्यांसाठी हे सल्ले. फी नाही.

सुरुवात किल्लीपासून करा. कामाची वेळ संपल्यावर पिकअपची किल्ली गेटवर जमा करून घेऊ नका. किल्लीचं रजिस्टर ठेवलं की पुरावा तयार होतो, आणि पुराव्यासारखी वाईट गोष्ट नाही. सकाळी सहाला माल उचलायचाय ना, मग गाडी ड्रायव्हरच्या दारातच लावू द्या, रांजणगाव शेणपुंजीच्या बोळात. तो रात्री अकराला तीच गाडी घेऊन ढाब्यावर गेला आणि येताना कुणाला उडवलं, तर तुम्हाला छातीठोकपणे म्हणता येतं, "त्यानं आम्हाला विचारलंच नव्हतं." समोरचा वकील मग उलटतपासात तीनच प्रश्न विचारतो. गाडी रोज रात्री त्याच्याकडंच असते हे तुम्हाला ठाऊक होतं का? डिझेलची बिलं कोण भरत होतं? रात्री गाडी वापरू नये असा एखादा लेखी आदेश आहे का? या तिन्ही प्रश्नांना "आठवत नाही" म्हणायची सवय आतापासूनच लावून घ्या. नोकर मालकाची गाडी चालवत असला की तो मालकाच्याच कामावर होता, असं कोर्ट धरून चालतं. नव्हता, हे तुम्ही दाखवायचं असतं.

तुमचे वकील 1966 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढून देतील, सीताराम मोतीलाल कलाल यांचा. ज्याच्या ताब्यात टॅक्सी दिली होती त्यानं ती क्लीनरच्या हातात दिली, क्लीनर लायसनची टेस्ट द्यायला गेला, अपघात झाला आणि मालक सुटला. तो निकाल फ्रेम करून केबिनमध्ये लावा. त्याच्या शेजारी 1977 चा पुष्पाबाई उदेशींचा निकाल मात्र चुकूनही लावू नका. त्यात रणजित जिनिंगचा मॅनेजर कंपनीची गाडी घेऊन नागपूरहून पांढुर्ण्याकडं निघाला, गाडी झाडावर गेली, गाडीत बसलेला माणूस गेला आणि कोर्टानं भरपाईसाठी कंपनीला धरलं. निकाल कापसाच्या धंद्यातलाच आहे, पण सेलू-मानवतच्या जिनिंगवाल्यांना तो कुणी सांगत नाही.

जुनी गाडी विकली तरी आरसी बदलून देऊ नका, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या मारून मोकळे व्हा. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात सांगितलंय, त्यामुळं चार हात फिरलेल्या गाडीचा मान शेवटी तुमच्याच घरी येतो.

ड्रायव्हरला ठेकेदाराच्या रोलवर टाका. आरसीवर नाव तुमचंच राहतं, पण एवढं कोण बघतंय?

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ड्रायव्हरकडून हमीपत्र लिहून घ्या: "कामाच्या वेळेनंतर होणाऱ्या अपघातास मी स्वतः जबाबदार राहीन." नोटरी करा, लाल शिक्का मारा, फाईलला लावा. चाकाखाली येणाऱ्या माणसाची त्यावर सही नसते, म्हणून त्याच्या बायकोला तो कागद लागू होत नाही. पण फाईल जाड दिसते.

आता पार्टी. आखाड आला की शेतावर बोकड पडलाच पाहिजे, नाहीतर कामगार नाराज होतात आणि दिवाळीपर्यंत प्रॉडक्शन पडतं. पार्टी शनिवारी ठेवा आणि पंचिंग झाल्यावर ठेवा, म्हणजे ती "खासगी" होते. उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना वगैरे काढत बसू नका, शेत आपलंच आहे. आयटीआयची ट्रेनी पोरं वीस-एकवीस वर्षांची असतात आणि महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वय लागतं, पण पोरांना वेगळं बसवलं तर त्यांना वाईट वाटेल. शेत गावापासून बारा किलोमीटर लांबच निवडा, जिथं रात्री ना एसटी येते ना रिक्षा. परतीची सोय करू नका. जो जरा कमी प्यायलाय असं दिसतं त्याच्याकडं पिकअप द्या आणि मागं हौद्यात आठजण बसवा.

तो "जरा कमी" म्हणजे किती? एक क्वार्टर 180 मिलिलिटरची. दारू 42.8 टक्क्यांची, म्हणजे पोटात साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात ते शंभर ते सव्वाशे मिलिग्रॅमपर्यंत चढतं. कायद्याची मर्यादा आहे 30. उतरतं ते तासाला साधारण पंधरानं. लिंबू चोखा, दही खा, काळा चहा प्या, डोक्यावर बोअरचं पाणी घ्या, यकृताला घाई नसते. रात्री अकराला ग्लास खाली ठेवणारा पहाटे चारलासुद्धा मर्यादेच्या वर असू शकतो आणि सहाला तुमचाच माल उचलायला निघतो. पण ढाब्यावरच्या शास्त्रात "मटण खाल्लंय, काही होत नाही" हे सूत्र सिद्ध झालेलं आहे, तेव्हा आपण त्यात पडू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 188 मध्येही पडू नये. कलम 185 खाली दारू पिऊन चालवणाऱ्याला पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. त्या गुन्ह्याला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो त्यालाही तीच शिक्षा, असं 188 म्हणतं. पेला भरून वर किल्ली हातात देणाऱ्याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि अपघात झालाच, तर मराठवाड्याचा रामबाण उपाय: दुसरा ड्रायव्हर उभा करा. चालवणारा भाचा असो, मॅनेजर असो की लाडका सुपरवायझर, त्याला रातोरात मामाच्या गावाला पाठवा आणि ज्याच्याकडं लायसन आहे, जो पीत नाही आणि ज्याच्या पोरीचं लग्न ठरलंय असा गरीब माणूस पकडा. "दोन दिवसांत जामीन होतो रे, मी आहे ना." मी आहे ना! कलम 133 खाली गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना सांगणं गाडीमालकाचं कर्तव्य आहे, आणि तुम्ही तिथं खोटं नाव लिहून देता. फास्टॅगची वेळ आहे, पेट्रोल पंपाचा कॅमेरा आहे, ढाब्याचं यूपीआय आहे, दोघांच्या मोबाईलचे टॉवर आहेत आणि तुम्हीच हप्त्यानं बसवलेलं जीपीएस आहे. विमा कंपनीचा तपासनीस एका दिवसात हे सगळं गोळा करतो, कारण त्याला पैसे वाचवायचे असतात. मग तो गरीब माणूस खोट्या जबाबात अडकतो, आणि ज्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं असतं त्याच्या दारात समन्स येतं. तुम्ही तेव्हा म्हणता, "त्यानं स्वतःहून सांगितलं, आम्हाला काय माहीत." लाज कुठं गहाण ठेवली, मालक? जालन्याच्या बाजारात की संभाजीनगरच्या?

रक्ताचंही तेच. कलम 185 खाली अटक झाली की दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं. हे दोन तास कसे घालवायचे ते प्रत्येक तालुक्यात कुणालातरी बरोबर ठाऊक असतं. आधी साहेब जेवायला गेलेले, मग जीप नाही, मग डॉक्टर बाळंतपणात. दोन तासांत तीस मिलिग्रॅम आपोआप उतरतात. उरलेलं काम सॅम्पल करतं. सुई टोचायच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवला की बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. बाटलीत रक्त टिकवणारं सोडियम फ्लोराइड नसलं किंवा ती उन्हात आठवडाभर ठाण्यातच पडून राहिली, तर प्रयोगशाळेच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. आणि वर ते अमर सर्टिफिकेट: "तोंडास दारूचा वास येतो, परंतु दारूच्या अंमलाखाली नाही." या एका ओळीवर किती घरं उघडी पडलीत याची मोजदाद कुणीच ठेवलेली नाही.

मालकांच्या बाजूचंही खरं ते सांगायला हवं. कामगार स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पैशानं पिऊन, स्वतःच्या कामाला गेला आणि कुणाला धडकला, तर त्यासाठी मालकाला धरता येत नाही, धरूही नये. तो बचाव खणखणीत आहे. अडचण एवढीच, की "जाता जाता बँकेत चेक टाक आणि साहेबांच्या घरी डबा दे" असं तुम्ही त्याला फोनवर सांगितलेलं असतं. ज्या घटकेला तो तुमच्या कामावर निघाला त्या घटकेला पंचिंग पुसलं गेलं.

गेटच्या बाहेर कामाचा संबंध संपतो, हीसुद्धा अशीच एक समजूत. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 ला पहाटे तीनच्या ड्यूटीवर निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटर अलीकडं अपघातात गेला. तो अपघात नोकरीशी निगडित होता, असं सुप्रीम कोर्टानं 29 जुलै 2025 ला ठरवलं. ते प्रकरण कामगाराच्या स्वतःच्या मृत्यूचं आहे, तिसऱ्या माणसाच्या नाही, दोन्हींचे कायदे वेगळे. पण त्याच्या बायकोला बावीस वर्षं लागली, हे कुठल्याही कायद्यात मोजून बघा.

"आमचा विमा आहे की" असं म्हणणाऱ्यांसाठी आता थोडं गणित. मेलेला माणूस 34 वर्षांचा, महिना 15,000 कमावणारा, मागं बायको, दोन लेकरं आणि आई. पुढं वाढणाऱ्या कमाईपोटी 40 टक्के धरले की झाले 21,000. वर्षाचे 2,52,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 1,89,000. या वयाला कोर्ट ते 16 नं गुणतं. एकूण 30,24,000, आणि त्यावर अंत्यविधीचे, सहवास गमावल्याचे आणि व्याज वेगळं. आता पॉलिसी उघडा, कधी नव्हे ती. तुमच्या संमतीनं चालवणारा नशेत असेल तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा रुपया मिळत नाही. तिसऱ्या माणसाच्या भरपाईबाबतही, मोटार वाहन कायद्यात 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या कलम 150 मध्ये दारू पिऊन चालवणं हा विमा कंपनीचा बचाव म्हणून सरळ लिहिलेला आहे. कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला म्हणतं, आधी मयताच्या घरच्यांना द्या, मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे ते तीस लाख फिरून तुमच्याच दारात येतात. तेव्हा शेड बायकोच्या नावावर आणि प्लॉट मेहुण्याच्या नावावर करायचा सल्लाही देणारे आहेत.

पुरे आता हे सल्ले. या गणिताला वैतागून कुणी म्हणेल, पोरांना पाजलं, खाऊ घातलं, तो काय गुन्हा झाला? पाजलं तो नसेलही. पाजून मग रस्त्यावर सोडलं, तो झाला. तुम्हाला कुणी कारखाना विकायला सांगितलं नव्हतं. गेटवर खिळ्याला टांगायचं किल्ल्यांचं कपाट आणि चाळीस रुपयांचं रजिस्टर, एवढं लागत होतं. काही हजारांचं श्वास तपासायचं यंत्र सिक्युरिटीच्या टेबलावर ठेवायचं होतं आणि पहिल्या शिफ्टच्या ड्रायव्हरला त्यात फुंकायला लावायचं होतं, तुमच्या भाच्यालासुद्धा. जीपीएसवर रात्री नऊनंतर गाडी हलली की मेसेज येतो, ती सोय चालू करायला एक बटण होतं. पार्टी करायचीच होती तर बोकड कापा, जेवू घाला, आणि सगळ्यांना सोडायला न पिणाऱ्या ड्रायव्हरची एक बस सांगा. शेतावरच्या डीजेला द्यायला पैसे होते की नाही?

त्या कैफियतीत तुम्ही लिहिलंय, काडीमात्र संबंध नाही. मेलेला माणूस दुसऱ्या शिफ्टचा होता. तोही पंचिंग करूनच घरी निघाला होता. त्याच्या बायकोनं तारखेला येताना त्याचा गेटपास आणलेला असतो, कारण पगाराचा पुरावा म्हणून तिच्याकडं तेवढंच आहे, आणि तुमचा वकील तिला विचारतो, "हा पगार खरा आहे कशावरून?" तीनशे किलोमीटरचं भाडं भरून ती बाई येते, आणि तुमचे साहेब गैरहजर, पुढची तारीख.

आज शनिवार आहे. पिकअपची किल्ली कुणाच्या खिशात आहे, ते आधी फोन करून विचारा. वकिलाला नंतर करा.