चेंडू दिसला तर पाचशे रुपये

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कमिटीचा मेसेज आला. पार्किंगमध्ये आणि लॉनवर चेंडूने खेळायला बंदी. चेंडू दिसला तर जप्त, वर फ्लॅटवाल्याला पाचशे रुपये दंड. खाली धडाधड अंगठे. आणि दुपारी त्याच ग्रुपवर, सकाळी अंगठा दिलेल्यांपैकीच एकांनी व्हिडिओ टाकला की मोबाइल गेम्सनी मुलांचं बालपण संपवलं. त्याखाली पुन्हा हात जोडलेले, रडके चेहरे. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

माझा भाचा सहावीत आहे, आमच्याच सोसायटीत पलीकडच्या विंगमध्ये राहतो. मे महिन्यात एकदा तो मोबाइलवर फ्री फायर मॅक्स हा टीम करून खेळायचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळत होता, मी शेजारी बसले होते. कानाला हेडफोन, अंगठे चाललेत आणि हा ओरडतोय, "ग्लू वॉल टाक, ग्लू वॉल! आधी मला रिवाइव्ह कर!" म्हणजे आडोशाला भिंत उभी कर, पडलेल्या मला उठव. मॅच संपल्यावर विचारलं, पलीकडे कोण आहे रे? कुणी अनोळखी मोठी माणसं असतील ही माझी धास्ती. तर म्हणाला, "अगं, ए विंगमधला एक आणि आपल्याच खालच्या मजल्यावरचे दोघं." म्हणजे चौघांचा स्क्वॉड, चारही पोरं एकाच कंपाउंडमधली, चार बंद दारांआड. म्हटलं, मग खाली जाऊन खेळा की. "खाली कुठे मावशी? काका ओरडतात." पाऊस पडतोय म्हणून सांगावं तितक्या सहज म्हणाला आणि हेडफोन चढवला.

मला सांगा, यात गेमने काय हिरावलं? पोरांना एकमेकांबरोबर आरडाओरडा करत खेळायचं होतं. तेवढी एकच जागा उरली होती जिथे कुणी ओरडत नाही. तिथे ती गेली.

आमच्या लहानपणीही व्हिडिओ गेम होतेच ना. टीव्हीला जोडायचा तो डबा, त्या कॅसेटी, मारिओ आणि कॉन्ट्रा. सुट्टीत ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे अख्खी गल्ली जमायची, नंबर लावून खेळायची. आणि ऊन उतरलं की तीच गल्ली लगोरीला बाहेर. गेम होता, पण गल्लीही होती. गाड्यांनी भरलेली नव्हती, आणि काच फुटली तर आई येऊन दोन धपाटे घालायची, विषय संपायचा. दंडाची पावती फाडत नव्हतं कुणी.

बंदी घालून बघितलीच की आपण. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी बंद झालं, पोरं फ्री फायरवर गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर बंद झालं, तीच पोरं त्याच गेमच्या मॅक्स आवृत्तीवर. जायला दुसरी जागाच नसेल तर पोरं आणखी काय करणार?

हो, आजचे गेम मारिओसारखे साधे नाहीत, हे मान्य. रोज उघडलं की बक्षीस, मग खरे पैसे देऊन गेममधले डायमंड विकत घ्या, मूल अडकून राहावं म्हणूनच ते तसे बनवलेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही गेमिंगच्या विकाराची आजारांच्या यादीत नोंद केलीय. ज्या घरात पोरगं जेवणझोप सोडून बसतं, त्या घराचं दुःख मी हलकं करत नाहीये. पण प्रत्येक खेळणाऱ्या पोराला त्या यादीत ढकलून आपण हात झटकायचे का?

ताईला मी एका शब्दाने बोलत नाही. ती हिंजवडीहून सुटते, घरी पोचेपर्यंत आठ-साडेआठ. गेटबाहेर फुटपाथ नाही, पाण्याचे टँकर सुसाट जातात, तिथे सहावीतलं पोर एकटं कसं सोडणार ती? आणि मोबाइल हातात दिला तो आपणच ना, २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा. वर्ग त्यावर, अभ्यास त्यावर. तिच्यासारख्या आयांना रात्री फोन काढून घेताना रडताना पाहिलंय मी. त्यांना दोष देऊन काय मिळणार आहे.

राग आहे तो बाकीच्या आपल्यावर. शाळा सुटली की मैदानाला कुलूप. सोसायटीचं लॉन फक्त बघायला. संध्याकाळी सहाला पोरांचा गलका नको, पण एकतीस डिसेंबरला आपलेच स्पीकर रात्री बारापर्यंत चालतात. गाडीला पोचा पडतो, खर्च होतो, बरं, ठीक. पण पोच्यापायी चार पोरांनी घरात कोंडून घ्यायचं हा कुठला न्याय?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये काय केलं आठवतंय का? संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास गावात मोबाइल बंद, टीव्ही बंद. पोरांचे तर बंदच, पण मोठ्यांचेही. आयांनी मालिका सोडल्या. म्हणून ते जमलं. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकणारे काका दिवसभर ऑनलाइन असतात. आणि हो, "काका ओरडतात" मधले काका तेच. भाच्याने मला नाव सांगितलंय, इथे लिहीत नाही.

रागाने लिहीत सुटले, पण मला भांडायचं नाहीये. रविवारी मीटिंग आहे. मागच्या भिंतीकडची पाहुण्यांच्या पार्किंगची पट्टी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात पोरांना द्या, एवढंच मागणार आहे. दोन्ही बाजूंना जाळी लावू. काही फुटलंच तर वर्गणीतून भरू, पहिली वर्गणी माझी. सोसायटीतले जे ही पोस्ट वाचताय त्यांनी कृपा करून या. साडेदहाला, क्लब हाऊसमध्ये. पोरांनाही घेऊन या, त्यांचंही जरा ऐकू.