आधी फॉरमॅट, मग बोला

मायक्रोएसडी कार्ड म्हणजे १५ बाय ११ मिलिमीटरचा, एक मिलिमीटर जाडीचा तुकडा. हातातून निसटला तर अख्खं घर गुडघ्यांवर येतं. एवढ्याशा जिवात ६४ जीबी मावतात, आणि तो बिघडला की त्याहून जास्त सल्ले.

सहलीचे फोटो असलेल्या आमच्या कार्डाबद्दल प्रत्येक यंत्राचं मत वेगळं. कॅमेऱ्यावर 'कार्ड एरर'. फोन म्हणाला, हे कार्ड चालत नाही. जुन्या कार्ड रीडरला ते दिसेचना, पण त्याचं मनावर घेतलं नाही. ३२ जीबीच्या पुढची एसडीएक्ससी कार्डं आली २००९ मध्ये, त्याआधीचे कित्येक रीडर त्यांना ओळखच देत नाहीत. संगणक मात्र अदबशीर. म्हणाला, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू?

आता बघा, फोटो बहुतेक वेळा कार्डावर जागच्या जागी असतात. बिघडते ती फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठल्या तुकड्यांत ठेवली याची नोंदवही. लिहिणं चालू असताना कार्ड उपटलं किंवा बॅटरीनं मान टाकली, की नोंद अर्धवट राहते. आणि वहीचं पान फाटलं म्हणून हा कारकून विचारतो, गोदाम रिकामं करू का! क्विक फॉरमॅटमध्ये निदान तो नुसती कोरी वही आणतो. विंडोजचा पूर्ण फॉरमॅट मात्र व्हिस्टा आवृत्तीपासून सगळीकडे शून्यं लिहीत सुटतो. मग रडायलाही काही उरत नाही.

"मामा, मारून टाक ना फॉरमॅट," भाचा म्हणाला.

"आणि फोटो?"

"क्लाउडवर असतील की."

नव्हते. मग घरगुती उपाय सुरू झाले. एकाने कार्डावर फुंकर मारली, दुसऱ्याने पट्ट्या खोडरबराने घासायला घेतल्या. फ्रीजमध्ये ठेवायची सूचना मी ऐकू न आल्यासारखी सोडून दिली. चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क-दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून पाहिला, तर रॉ, म्हणजे फाइल सिस्टिम ओळखू न येणाऱ्या, ड्राइव्हवर आपण काम करत नाही, असं त्याने बाणेदारपणे कळवलं. बरंच झालं. दुरुस्ती करणारा प्रोग्राम त्याच आजारी कार्डावर लिहीत बसतो, आणि सापडलेले बेवारस तुकडे फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये कोंबून मोकळा होतो.

शहाणा मार्ग कंटाळवाणा आहे: आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत काढायची, आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम हे काम करतो. सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेल्या जागांकडे मागाहून वळतो. आपण तोवर पडद्याकडे बघत राहायचं, कार्डाला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मग त्या प्रतीवर फोटोरेक हा हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम सोडला. हा नोंदवहीला विचारतच नाही. जेपीईजी फाइलची सुरुवात कुठे दिसते ते हुंगत जातो आणि सापडेल ते बाहेर काढतो. फाइलींची मूळ नावं जातात, त्यांच्या जागी एफ आणि पुढे आकड्यांची माळ. पण त्याला आपण पुसलेलं आणि हरवलेलं यातला फरकही कळत नाही. त्यामुळे सहलीच्या फोटोंबरोबर, घरच्यांनी एकमताने पुसलेले सगळे फोटोही परत आले: मिटलेले डोळे, भिंगासमोर आलेला अंगठा, आणि जांभई देतानाचा मी, एका मागोमाग एक. सगळ्यात आधी तेच पाहिले गेले. सहलीचे फोटो अजून कुणी उघडलेले नाहीत.

आता कार्ड रिकामं करायला हरकत नव्हती. भाच्याने हौसेने बटण दाबलं. संगणकाने बराच विचार केला आणि सांगितलं, फॉरमॅट पूर्ण करता आला नाही. काही कार्डं झिजली की स्वतःला कुलूप लावून घेतात. वाचू देतात, लिहू देत नाहीत.

"अ‍ॅडाप्टरच्या कडेचं लॉक लागलं असेल," म्हणत भाचा, छोटं कार्ड ज्या मोठ्या खोळीत बसवतात तिच्या कडेची टिकली वर-खाली करू लागला. ती टिकली कार्डाला आतून कुठेच जोडलेली नसते, रीडर फक्त तिची जागा पाहतो, हे मी त्याला सांगितलं.

"तरीपण, मामा," म्हणाला, आणि पुन्हा वर केली.