बिल्ल्यावर राणी आहे, म्हणून शौर्य आहे असं नाही

व्हॉट्सॲपवर फिरत राहणारा एक मजकूर परवा पुन्हा माझ्याकडे आला, तोही तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून. मथितार्थ असा: घरात राणी व्हिक्टोरियाचं तोंड असलेला चांदीचा बिल्ला असेल, तर तुमचे पूर्वज शूरवीर होते. तो राणीने स्वतःच्या हाताने त्यांच्या छातीवर लावला. फितीवर धातूच्या जेवढ्या आडव्या पट्ट्या, तेवढ्या लढाया त्यांनी मारल्या. चांदी फक्त गोऱ्यांना मिळायची, तेव्हा आपल्या माणसाला मिळाली म्हणजे बघा! आणि आज त्याचे लाखो रुपये येतात. खाली तलवारींची चित्रं.

माझ्या आत्याच्या सासरी, दापोलीजवळ, असा एक बिल्ला देव्हाऱ्यात आहे. त्यामुळे हा मजकूर आला की घरातले सगळे माझ्याकडे बघतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी शौर्य. त्या काळातली बहुतेक पदकं मोहिमेची पदकं आहेत. ठरलेल्या तारखांच्या दरम्यान ठरलेल्या मुलखात फौजेबरोबर हजर होता, एवढंच ती सांगतात. जो पहिल्या फळीत होता त्यालाही तेच आणि जो मागे तळावर गोण्या मोजत होता त्यालाही तेच. शौर्याची पदकं वेगळी होती. गोऱ्या शिपायासाठी १८५४ पासून डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल आणि १८५६ पासून व्हिक्टोरिया क्रॉस. हिंदी शिपायासाठी कंपनी सरकारने १८३७ मध्येच ऑर्डर ऑफ मेरिट सुरू केली होती. हिंदी शिपाई व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र ठरला तो थेट १९११ साली, राणी जाऊन दहा वर्षं झाल्यावर. ‘आमच्या खापरपणजोबांना व्हिक्टोरिया राणीने व्हिक्टोरिया क्रॉस दिला’ असं कुणी सांगू लागलं, तर चहा घ्या आणि विषय बदला.

आत्याकडचा बिल्ला १८५४ साली सुरू झालेल्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलचा आहे. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा, जड. मागच्या बाजूला पंखवाली बाई, बसलेल्या उघड्याबंब योद्ध्याच्या डोक्यावर हार ठेवते आहे. ती विजयदेवता. घरात मात्र तिला देवीच समजतात आणि कपाळाला कुंकू लावतात. वरच्या पट्टीवर ‘बर्मा १८८५-७’. म्हणजे तिसरं ब्रह्मी युद्ध. मंडाले शहर दोनेक आठवड्यांत जवळजवळ न लढताच पडलं. राजा थिबाला उचलून आणून आपल्याच रत्नागिरीत ठेवलं आणि तो १९१६ साली तिथेच वारला. शिपायांचे हाल झाले ते त्यानंतर: जंगलात टोळ्यांचा पाठलाग, पाऊस आणि ताप. कोकणचा माणूस ब्रह्मदेशात चिखल तुडवत होता आणि ब्रह्मदेशचा राजा कोकणात समुद्राकडे बघत बसला होता. मला यात शौर्याच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त गंमत वाटते, पण ती फॉरवर्ड होत नाही.

राणीच्या हाताचं म्हणाल, तर क्रिमियाच्या युद्धातल्या काहींना तिने खरंच स्वतः पदकं दिली, १८ मे १८५५ रोजी लंडनच्या हॉर्स गार्ड्स मैदानावर. पण तो अपवाद. नेहमीची रीत म्हणजे यादी वर जायची, टांकसाळीत पदकं पाडली जायची, कडेवर नाव उमटवलं जायचं आणि पेट्या पलटणीत यायच्या. तोवर शिपाई कधी बदली झालेला, कधी पेन्शनीत गेलेला, कधी मेलेला. उशिराची हद्द बघायची तर आर्मी ऑफ इंडिया मेडल बघा. ते १८५१ साली मंजूर झालं, १८०३ ते १८२६ च्या लढायांसाठी आणि फक्त हयात असलेल्यांसाठी. त्याच्या पट्ट्यांत ‘असई’ आहे, ‘खडकी’ आहे, ‘पुणे’ आहे, ‘कोरेगाव’ आहे. खडकीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची, राणीचा जन्म १८१९ चा. जी लढाई झाली तेव्हा राणी जन्मलीच नव्हती, तिच्या पदकावर राणीचं तोंड! स्वतः लावायची गोष्टच सोडा.

राणीने हौसेने पदक लावलं ते एका कुत्र्याला. ६६ व्या पायदळाचा बॉबी १८८० साली मैवंदच्या लढाईत जखमी होऊनही जगला आणि पुढच्या वर्षी ऑसबोर्न हाउस या आपल्या निवासस्थानी राणीने त्याच्या गळ्यात अफगाण पदक बांधलं. नंतर तो इंग्लंडात एका घोडागाडीखाली सापडून मेला.

बॉबीवरून पट्ट्यांकडे येतो, कारण फॉरवर्डमधला सगळ्यात घातक भाग हाच आहे. मैवंद ही दुसऱ्या अफगाण युद्धातली इंग्रजांची मोठी नामुष्की. २७ जुलै १८८० ला सुमारे अडीच हजारांच्या फौजेतले नऊशेहून अधिक मेले. ६६ व्या पलटणीबरोबर तिथे आपल्या मुंबई फौजेची पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी, म्हणजे जेकब्स रायफल्स, होती. अफगाण पदकाला सहा पट्ट्या निघाल्या: अली मसजिद, पैवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल, कंदाहार. मैवंदची पट्टी नाही. हरलेल्या लढाईची पट्टी कोण काढणार? त्यामुळे तिथे मेलेल्याच्या वारसांना गेलेलं पदक कोरं. मैवंदनंतर कंदाहारला पडलेल्या वेढ्यातून तगून १ सप्टेंबरच्या विजयात उभा राहिलेल्याला मात्र पट्टी. म्हणजे कोऱ्या फितीचा माणूस कदाचित सगळ्यात भयानक दिवस बघून गेला असेल. १८५७ च्या पदकाचंही तसंच. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर अशा कितीतरी चकमकी ‘सेंट्रल इंडिया’ या एकाच पट्टीत बसवल्या आहेत. पट्टी म्हणजे मोहिमेचा शिक्का, लढायांची मोजणी नव्हे.

याच न्यायाने, छाती रिकामी म्हणजे नोकरी फुकट असंही नाही. साधा गोरा शिपाई दिवसाला एक शिलिंगवर भरती व्हायचा आणि त्यातूनही खाण्या-कपड्याचे पैसे कापले जायचे. १८७० च्या कायद्यानंतर बारा वर्षांचा करार, त्यातली साधारण सहा पलटणीत आणि उरलेली राखीव. त्याआधीचे कितीक एकवीस वर्षं छावण्या पालथ्या घालत राहिले, कॉलऱ्याने मित्र गमावले आणि एकही मोहीम न बघता घरी गेले. त्यांच्याकडे फार तर लाँग सर्व्हिसचं पदक. शेजारच्या पलटणीत वर्षापूर्वी आलेला पोऱ्या मात्र पट्टीसकट मिरवायचा, कारण त्याची पलटण त्या महिन्यात बोटीत चढली.

चांदी फक्त गोऱ्यांना? नाही. लढाऊ हिंदी शिपायाला चांदीचंच मिळायचं. ब्रह्मी मोहिमेपासून ब्राँझचं पदक दिलं जाऊ लागलं ते भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले यांना. भेद होता, पण तो इतका ढोबळ नव्हता. १८६८ च्या ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेचं पदक घ्या. ती फौज मुंबईहूनच गेली होती, मुंबई फौजेचा सेनापती रॉबर्ट नेपियर तिचा मुख्य होता. या पदकाच्या मागच्या बाजूला मधोमध शिपायाचं नाव आहे. गोऱ्यांची नावं सुबक उठावाची, बहुतेक हिंदी शिपायांची मात्र नुसती ठसा मारलेली. चांदी तीच, मेहनत वेगळी. आणि दापोलीत बसून लिहितो आहे, तर हेही सांगायला हवं: मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. दापोलीतच स्थायिक झालेले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज तयार केला. चांदीचे बिल्ले असूनही दार बंदच राहिलं.

लाखांचं थोडक्यात. किंमत ठरते ती नाव, पलटण आणि पट्टी यांवरून. सामान्य पदकाला तेवढा भाव येत नाही. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, खाजगी माणसाला ती देशाबाहेर विकता येत नाही.

खरा ऐवज कडेवर आहे. पलटणीचा आकडा आणि नाव वाचता आलं की लंडनमध्ये ठेवलेल्या पदकांच्या याद्यांतून माणूस सापडू शकतो. मी आत्याकडे भिंग आणि टॉर्च घेऊन बसलो होतो. ‘बाँबे इन्फंट्री’ एवढं दिसलं. नाव अर्धं, तेही साहेबी स्पेलिंगमधलं. आकडा कुठे गेला विचारलं, तर आत्या अभिमानाने म्हणाली, “दर दिवाळीला राखेने घासते, बघ कसा लखलखतोय.” आकडा होता तिथे बोटाला गुळगुळीत चांदी लागते.