नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी आणि दर हिवाळ्यात फिरणारा तो मेसेज

थंडी पडली की निफाड, सिन्नरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. आशय साधारण असा: नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात सायबेरियातून आलेले परदेशी पक्षी बर्ड फ्लू घेऊन आलेत, बगळ्यांमुळे लम्पी पसरतोय, चिकन-अंडी बंद करा, फटाके वाजवून पक्षी हुसकून लावा, मेलेला पक्षी दिसला तर लगेच जाळा. खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’. सगळंच खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण त्यात खऱ्याची भेसळ आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘परदेशी पक्षी बर्ड फ्लू घेऊन आले.’

पाणपक्षी हा विषाणू वाहतात, यात वाद नाही. आपल्याकडे येणारी तलवार, थापटे या रानबदकांच्या आतड्यात तो राहू शकतो, वरून पक्षी ठणठणीत दिसतो आणि विष्ठेतून विषाणू पाण्यात उतरतो. थंड पाण्यात तो बरेच दिवस टिकतो, कडक उन्हात आणि कोरड्या जमिनीवर लवकर मरतो. पक्षीप्रेमी मंडळी हे बोलायचं टाळतात, आणि मग लोकांना वाटतं की काहीतरी लपवलं जातंय.

पण गोष्टीची सुरुवात मेसेज सांगतो तिथून होत नाही. रानबदकांमधले हे विषाणू बहुतेक सौम्य असतात. दाटीवाटीने पाळलेल्या कोंबड्यांत शिरले की त्यातले काही बदलतात आणि जीवघेणे होतात. आज ज्याची धास्ती आहे त्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचा वंश १९९६मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सापडला, तोही पाळीव हंसात. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, सहा दगावली. तिथे संशय जिवंत कोंबड्यांच्या बाजारांवर होता. तिथून तो उलटा रानात गेला. २००५मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब हे रानहंस सगळ्यात जास्त. २०२१च्या जानेवारीत हिमाचलच्या पाँग धरणावर पुन्हा तेच झालं.

राहिला ‘परदेशी’ हा शब्द. पट्टकादंब लडाखमध्येही घरटी करतात. नांदूरला दिसणारी जांभळी पाणकोंबडी आणि चित्रबलाक तर इथलेच, त्यांना कुठला पासपोर्ट विचारणार?

आता खरा प्रश्न. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या पाण्यातला विषाणू तुमच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये येतो कसा? चक्रवाक बदक काही जाळीतून आत येऊन कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यावर बसत नाही. सकाळी बॅकवॉटरच्या कडेला मोटर चालू करायला गेलेला माणूस त्याच गमबुटाने शेडमध्ये शिरतो, तळव्याच्या खाचांत चिखल, चिखलात विष्ठा. दारातला पाय बुडवायचा टब कोरडा, त्यात तूस आणि सिगारेटचं थोटूक. पाण्याची टाकी उघडी, तिच्या काठावर कावळा. कालची मेलेली चार पिल्लं बांधावर फेकलेली, ती कुत्रं ओढतंय. हे चित्र कुठल्या एका शेडचं नाही, दहा शेड पाहा म्हणजे कळेल. आणि एकदा आत शिरला की पुढचा प्रवास पंखांवर होत नाही. पिल्लांची गाडी, अंड्यांचे ट्रे, क्रेट, तयार कोंबड्या उचलायला, म्हणजे लिफ्टिंगला आलेली पोरं, कोंबडखताची ट्रॉली, हे सगळे एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जात असतात. शेडसाठी वेगळ्या चपला, रोज बदललेलं जंतुनाशक, झाकलेली टाकी, धड जाळी आणि मेलेल्या कोंबड्यांसाठी चुना टाकलेला खोल खड्डा, एवढ्याने वाट बरीचशी बंद होते. खर्च एका बॅचच्या नुकसानीपुढे काहीच नाही. करारावर कोंबड्या देणाऱ्या कंपन्यांचे सुपरवायझरही एका दिवसात कितीतरी शेड फिरतात, त्यांनाही बूट बदलायला सांगायला लाजू नका.

आणखी एक. प्रत्येक मर म्हणजे बर्ड फ्लू नव्हे. माना वेळावत मरणाऱ्या कोंबड्या मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्याही असू शकतात, आणि तिच्यावर लस आहे. वेळेवर दिली का, हे आधी बघा. निदान मात्र प्रयोगशाळेचं, आपल्या अंदाजाचं नाही.

‘बगळ्यांमुळे लम्पी.’

नाही. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, गाई-म्हशींचा. तो पसरतो चावऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे आणि आजारी जनावर गाडीत घालून बाजारात नेल्यामुळे. म्हणूनच २०२२च्या साथीत राज्यात जनावरांचे बाजार बंद केले होते, बगळ्यांच्या वसाहती नाही. गायबगळा जनावरामागे चालतो तो उडणारे किडे टिपायला. बगळ्यांवर खरा आरोप करायचाच तर जपानी मेंदूज्वराचा करा. त्याचा विषाणू बगळ्यांत वाढतो, पण माणसापर्यंत यायला त्यालाही डासच लागतो.

‘चिकन-अंडी बंद करा.’

आतपर्यंत ७० अंश तापलेल्या मांसात किंवा अंड्यात हा विषाणू उरत नाही, आणि आपला रस्सा तर रटरटा उकळतो. धोका आहे तो कच्च्या मांसात, आजारी कोंबडी कापण्यात आणि साफ करण्यात. आंध्र प्रदेशात २०२५मध्ये दोन वर्षांची मुलगी एच५एन१ने दगावली. तिला कच्च्या चिकनचा तुकडा दिला गेला होता. तेव्हा मेलेली किंवा मरायला टेकलेली कोंबडी स्वस्तात घेऊन घरी कापू नका, हाफ फ्राय थोडे दिवस टाळा, मांस धुतलेल्या ओट्यावर कोथिंबीर चिरू नका. बाकी खा. २०२०च्या फेब्रुवारीत ‘चिकनमुळे कोरोना’ ही अफवा उठली आणि राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले. ती पाठवणाऱ्यांपैकी कोणी नंतर कुठल्या शेतकऱ्याचं फीडचं बिल भरल्याचं ऐकिवात नाही.

‘फटाके वाजवून हुसकून लावा.’

समजा, थवा उडवलात. तो हवेत विरघळणार नाही, जाऊन बसेल शेजारच्या गावतळ्यावर, कदाचित थेट एखाद्या पोल्ट्रीच्या शेततळ्यावर. एका जागी होता तो संसर्ग चार ठिकाणी होईल. रानपक्षी मारून किंवा पळवून बर्ड फ्लू आटोक्यात येत नाही, हे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे. शिवाय अभयारण्यात वन्यजीवांना त्रास देणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ग्रुप ॲडमिनने परवानगी दिली तरी.

गंमत म्हणजे नाशिक शहरातली मंडळी ४० किलोमीटरवरच्या बदकाला घाबरून मेसेज पुढे ढकलतात आणि स्वतःच्या बाल्कनीतली कबुतरांची वाळलेली विष्ठा केरसुणीने झाडतात. ती धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर दम लागण्याचा कायमचा आजार होऊ शकतो. आधी पाणी मारा, तोंडाला मास्क लावा, मग काढा.

‘मेलेला पक्षी जाळून टाका.’

हा सल्ला सगळ्यात वाईट, आणि तोच सगळ्यात कळकळीने दिलेला असतो. जाळलात की नमुना गेला. हात लावू नका, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात, तिथे शिक्कामोर्तब झाल्यावरच पुढची यंत्रणा हलते. पोल्ट्रीत आढळला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट होतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. २०२५च्या जानेवारीत लातूरच्या उदगीरमध्ये कावळे मरून पडायला लागले. लोकांनी कळवलं, नमुने भोपाळला गेले आणि एच५एन१ निघाला. कावळे तिथेच कोणी जाळून टाकले असते, तर आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांना पहिली बातमी स्वतःच्या शेडमधल्या मरीनेच मिळाली असती.