रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप असं सरसकट नाही
लेखात रुंद टायर टाकला की ग्रिप वाढतेच असं लिहिलंय, पण हलक्या गाडीला ते तसंच्या तसं लागू होत नाही हो. माझी पहिल्या पिढीची माझदा मिआटा (छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार) आहे, वजन हजार किलोच्या आसपास, कंपनीचा टायर साइज १८५/६० आर १४ (म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६०%, रिम १४ इंची). आता १४ इंचीत चांगले परफॉर्मन्स टायर फारसे मिळतच नाहीत म्हणून १५ इंची रिम घेऊन १९५/५० टाकले, व्यास ५७८ मिमीचा ५७६ झाला म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तसाच आणि स्टिअरिंगचा हलकेपणा पण टिकला. उगाच अजून रुंद घेतला की भर पावसात गाडी पाण्यावर तरंगायला लागते!! आणि प्लीज, साइडवॉलवरच्या (टायरच्या बाजूवरच्या) DOT कोडचे शेवटचे चार आकडे बघूनच घ्या, २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय, मला एकाने सहा वर्षं जुना माल नवा म्हणून दिला होता.